नळीखालची जखम

अतिदक्षता विभागातून माणूस जिवंत घरी परतला की घरच्यांना त्यापुढे दुसरे काही दिसत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. नाकाच्या दांडीवर मास्कने पाडलेला काळा व्रण, ओठाच्या कोपऱ्यात नळीने केलेली चीर, कानामागे प्राणवायूच्या नळीने कापलेली कातडी, हनुवटीखाली मानेच्या पट्ट्याने केलेली जखम, यांविषयी डॉक्टरांस विचारणे त्यांना कृतघ्नपणाचे वाटते. ‘जीव वाचला, हे काय थोडे झाले?’ असे शेजारी म्हणतात, डॉक्टर म्हणतात आणि बोलता येऊ लागल्यावर रोगी स्वतःही तेच म्हणतो. या समजूतदारपणाविषयी आम्हांस आदर आहे. तथापि त्याच्या आड एक साधा प्रश्न दडून राहिला आहे, आणि तो कोणी तरी विचारावयास हवा. या जखमा रोगाने केलेल्या नाहीत. त्या उपचारांच्या साधनांनी केलेल्या आहेत. मग त्यांचा जाब रोगाकडे मागावयाचा की उपचार करणाऱ्या व्यवस्थेकडे?

आपल्या भाषेने या बाबतीत थोडी दिशाभूल केली आहे. दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहिलेल्या माणसाच्या पाठीस किंवा कमरेस जी जखम होते तिला आपण शय्याव्रण म्हणतो. घरोघरी ‘पाठ लागली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. शब्दात शय्या आहे, म्हणून लक्षही शय्येकडेच जाते. हवेची गादी आणली, दर दोन तासांनी कूस बदलली, पाठीला पावडर लावली, म्हणजे कर्तव्य संपले असे सर्वांस वाटते. परंतु नाकावरच्या जखमेशी गादीचा काय संबंध? ती शय्येने केलेली नसल्यामुळे शय्याव्रणांच्या हिशेबात ती धरली जात नाही, आणि अन्य कोणत्या नावाने ती ओळखली जात नसल्यामुळे ती मुळी झालीच नाही असे ठरते. अमेरिकेतील या विषयाच्या राष्ट्रीय सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये जुनी संज्ञा बदलून ‘दाबामुळे झालेली इजा’ अशा अर्थाची संज्ञा स्वीकारली आणि वैद्यकीय साधनांमुळे होणाऱ्या इजेची स्वतंत्र व्याख्या केली. अशा जखमेस बहुधा त्या साधनाचाच आकार येतो, असे त्या व्याख्येत नमूद आहे. चिखलात उमटलेल्या पावलावरून चोर ओळखावा, तसा येथे जखमेवरून पट्टा ओळखता येतो. आम्ही या लेखात तिला दाबव्रण म्हणू. संज्ञेचा हा खटाटोप काहींना पंतोजीपणाचा वाटेल. पण ज्यास नाव नाही त्याची मोजदाद होत नाही, हा कारभाराचा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे.

जखम होते कशी, हे समजण्यास वैद्यकशास्त्राचे अध्ययन लागत नाही. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या नाकावर या क्षणी चष्मा असेल. दिवसातून कितीदा तरी आपण तो नकळत वर सारतो, काढतो, पुसतो, क्षणभर नाक चोळतो. त्वचेखालच्या केशवाहिन्यांत रक्ताचा दाब फार अल्प असतो. वरून कठीण वस्तूचा दाब पडला की त्या मिटतात, तेथील पेशींस रक्त पोहोचत नाही, आणि आपल्यास बोचल्यासारखे वाटू लागते. ते बोचणे हाच निसर्गाने दिलेला पहारेकरी होय. अतिदक्षता विभागातील रोग्याचा हा पहारेकरी औषधाने झोपविलेला असतो. त्यास बोचते, पण कळत नाही. कळले तरी घशात नळी असल्याने सांगता येत नाही. हात बांधलेले किंवा निश्चेष्ट असल्याने पट्टा सरकविता येत नाही. त्यातच नाकाच्या दांडीवर हाड आणि कातडी यांच्यामध्ये चरबीचा थर जवळजवळ नसतोच. मास्कखाली घाम आणि श्वासाची वाफ साचून कातडी मऊ पडते. रक्तदाब घसरलेला असल्यामुळे तो वाढविण्याची जी औषधे चालू असतात, ती कातडीकडे जाणारा रक्तपुरवठा आणखी आखडतात. आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे सूज. सोमवारी नीट बसलेली दोरी बुधवारी चेहरा सुजल्यावर मांसात रुतू लागते. दोरी तीच, गाठ तीच, बांधणाऱ्याचे काही चुकलेले नाही. चूक असेल तर ती मंगळवारी कोणी पाहिले नाही ही.

साताऱ्या-सांगलीच्या माणसास हे समजावून सांगण्यासाठी खरे म्हणजे चष्म्यापर्यंतही जावयास नको. उसाच्या गाड्या ओढणाऱ्या बैलाच्या मानेवर जुवाने होणारी खांदेसूज आपल्याकडे कोणास ठाऊक नाही? जू हे बैलास इजा करण्यासाठी केलेले नसते. त्यावाचून गाडी चालत नाही. तरी कोणताही जाणता शेतकरी संध्याकाळी जू उतरविल्यावर बैलाच्या खांद्यावरून हात फिरवितो. गरम लागते काय, कठीण लागते काय, बैल अंग चोरतो काय, हे तो बोटांनी वाचतो. आषाढातल्या बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते, हळद आणि तूप लावून बैलांचे खांदे मळले जातात. आमच्या पूर्वजांनी या निरीक्षणास सणाची प्रतिष्ठा दिली, यात त्यांचा शहाणपणा दिसतो. बैलास व्रण झाल्यावर ‘याची कातडीच नाजूक’ असे म्हणून हात झटकणाऱ्या गाडीवानास गावात कोणी शहाणा म्हणत नाही. इतकेच काय, १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये जखमेमुळे कामास अयोग्य झालेल्या जनावरास कामास जुंपणे हा अपराध आहे. रोग्याची तुलना बैलाशी केली म्हणून कोणी रागावू नये. जनावराच्या बाबतीत जी दृष्टी आपण पिढ्यान्‌पिढ्या बाळगली, ती माणसाच्या बाबतीत लक्षावधी रुपयांच्या यंत्रांच्या गर्दीत कशी हरवली, एवढाच आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा आहे असेही नाही. १५ मे २०१८ या एकाच दिवशी ९० देशांतील १,११७ अतिदक्षता विभागांतील १३,२५४ रोग्यांची पाहणी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष पुढे प्रसिद्ध झाले. चौघांपैकी एकाहून अधिक, म्हणजे शेकडा २६.६ रोग्यांच्या अंगावर दाबामुळे झालेल्या जखमा होत्या, शेकडा १६.२ रोग्यांस त्या अतिदक्षता विभागात दाखल झाल्यानंतर झालेल्या होत्या. यात सर्व प्रकारचे दाबव्रण आले. त्यांतील साधनांचा वाटा किती, याचा अंदाज अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून येतो. तेथे रुग्णालयात झालेल्या दाबव्रणांपैकी शेकडा ३४.५ व्रण वैद्यकीय साधनांमुळे झालेले आढळले. म्हणजे ज्या प्रकाराची दखल घेण्यास आपल्याकडे शब्दही रुळलेला नाही, तो एकूण दुखण्याचा एक तृतीयांश हिस्सा होता. आणि हा हिशेब त्या देशातील, जेथे नोंदी ठेवण्याची शिस्त जुनी आहे.

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे वळू. पुणे-बंगळूर महामार्ग खंबाटकीचा घाट उतरून साताऱ्यावरून कऱ्हाडकडे जातो, आणि त्या मार्गावरील अपघातांत डोक्यास व मानेस मार लागलेले तरुण सातारा आणि कऱ्हाड येथील रुग्णालयांत येतात. त्यांच्या मानेस कठीण पट्टा बांधलेला असतो, आणि तो बांधलाच पाहिजे. पण मानेचा कणा सुरक्षित आहे असा निर्वाळा मिळण्यास जितका विलंब होतो तितका वेळ तो पट्टा हनुवटीखाली, गळपट्टीच्या हाडावर आणि डोक्याच्या मागच्या बाजूस रुतत राहतो. डोक्यामागची जखम केसांत दडते. ती पुष्कळदा दिसण्यापूर्वी वासाने कळते. जत-आटपाडीकडून किंवा माण-खटावकडून सर्पदंशाचे आणि कीटकनाशकाच्या विषबाधेचे रोगी येतात, त्यांतील काहींना कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर काढावे लागतात. मिरजेचे नाव तर वैद्यकीय सेवेसाठी सीमेपलीकडे कर्नाटकातही घेतले जाते. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तेथे १८९४ मध्ये रुग्णालय उभारले, त्याला जोडून परिचारिकांच्या शिक्षणाची परंपरा रुजली, आणि १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले. साताऱ्यासही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय लाभले आहे. साधनांचा आणि विद्येचा येथे दुष्काळ आहे असे म्हणता येणार नाही.

करोनाच्या साथीने तर या प्रश्नाचे उघड प्रात्यक्षिकच दाखविले. मार्च २०२० मध्ये इस्लामपूरच्या एका कुटुंबापासून सांगली जिल्ह्यात साथीचा आरंभ झाला. पुढे ऑगस्ट २०२१ च्या प्रारंभी राज्यात बहुतेक ठिकाणचे निर्बंध शिथिल करण्यात आले, तेव्हा ज्या ११ जिल्ह्यांत ते कायम ठेवावे लागले त्यांत सातारा आणि सांगली हे दोन्ही होते. इतका येथे या साथीचा मुक्काम लांबला. त्या काळात हजारो लोकांनी मास्कने आवळलेल्या चेहऱ्याने दिवसेंदिवस काढले. व्हेंटिलेटरवरील अत्यवस्थ रोग्यांस दिवसाचे सोळा-सोळा तास पालथे ठेवण्यात आले. हा उपाय प्राण वाचविणारा होता, २०१३ मध्येच एका मोठ्या फ्रेंच चाचणीने ते सिद्ध केले होते. पण पालथ्या माणसाचे कपाळ, गाल, हनुवटी आणि तोंडातली नळी यांवर डोक्याचा सगळा भार येतो. त्याच काळात नाकावर आणि गालांवर मास्कचे वळ उठलेल्या परिचारिकांची छायाचित्रे देशभर प्रसिद्ध झाली, आणि ती पाहून लोकांची मने हेलावली. हेलावणे योग्यच होते. परंतु पाळी संपल्यावर परिचारिका मास्क उतरवू शकत होती. तिच्या समोरच्या खाटेवरील माणसास ती मुभा नव्हती, आणि त्याचे छायाचित्र कोणी काढले नाही.

आणखी एक गोष्ट येथे स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण ती पाठ्यपुस्तकांच्या उगमाशी निगडित आहे. दाबव्रणाची पहिली खूण म्हणजे कातडी लाल होणे आणि बोटाने दाबले तरी ती लाली न जाणे, असे पुस्तकात वाचावयास मिळते. हे वर्णन गोऱ्या कातडीचे आहे. आमच्या सावळ्या किंवा काळ्या कातडीवर ती लाली पुष्कळदा दिसतच नाही. दिसू लागते तेव्हा कातडी फाटलेली असते. म्हणून येथे डोळ्यांपेक्षा बोटांवर अधिक भिस्त ठेवावी लागते. आजूबाजूच्या कातडीपेक्षा ती जागा गरम किंवा थंड लागते काय, टणक किंवा लिबलिबीत झाली आहे काय, चकाकते काय, हे पाहावे लागते. जाणकारांच्या अलीकडच्या मार्गदर्शनात ही सूचना आलेली आहे. ती सूचना आपल्या परिचारिका महाविद्यालयांतून नुसती शिकविली जाऊन भागणार नाही. ती हातांत उतरली पाहिजे. खांद्यावरून हात फिरविणाऱ्या शेतकऱ्यास लाली शोधावी असे कधी कोणी सांगितले नव्हते.

याविरुद्ध डॉक्टरांचे एक म्हणणे आहे, आणि ते वजनदार आहे. श्वासनलिकेतील नळी सैल बांधली आणि ती निसटली, तर रोगी काही मिनिटांत दगावेल. ओठावरच्या जखमेने कोणी दगावत नाही. हे आम्हांस मान्य आहे. काही जखमा सर्व दक्षता घेऊनही टळत नाहीत, हेही मान्य आहे. जखम झाली म्हणजे हयगय झालीच, असा सरसकट निकाल आम्ही देऊ इच्छीत नाही. पण ज्या उपायांनी बहुतेक जखमा टळतात ते उपाय नळी सैल करण्याचे नाहीतच. मास्क आणि पट्टा रोग्याच्या मापाचा निवडावा, हाती लागेल तो चढवू नये. नळी तोंडाच्या एकाच कोपऱ्यात न ठेवता ठराविक वेळाने जागा बदलावी. नाकातून पोटात जाणारी नळी नाकपुडीवर ओढून चिकटविण्याऐवजी मोकळी लोंबेल अशी चिकटवावी. नाकाच्या दांडीवर व कानामागे मऊ संरक्षक पट्टी आधीच लावावी, जखम झाल्यावर नव्हे. बोटातील रक्तप्राणवायू मोजणारा चिमटा बोट बदलून लावावा. श्वासनलिकेतील नळीच्या टोकाशी असलेल्या फुग्यातील दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटरांच्या दरम्यान असावा; तो मोजण्याचे लहानसे यंत्र मिळते, तरीही अंगठ्याने फुगा चेपून अदमास करण्याची सवय अनेक ठिकाणी जात नाही. आणि दिवसातून निदान दोन वेळा, सूज असेल तर त्याहून अधिक वेळा, प्रत्येक साधन उचलून त्याखाली पाहावे. या यादीत असे काय आहे की जे परदेशातून मागवावे लागेल? सर्वांत मोलाचा उपाय तर फुकटचाच आहे. ज्या साधनाची आता गरज उरलेली नाही ते त्याच दिवशी काढावे. ‘राहू द्या, उद्या पाहू’ या दोन शब्दांच्या जोडीने आपल्याकडे किती कातडी सोलली असेल!

फुकटचा उपाय म्हटला, पण उचलून पाहण्यास हात लागतात, आणि ते हात परिचारिकेचे असतात. व्हेंटिलेटरवरील रोग्यामागे प्रत्येक पाळीस एक परिचारिका हवी, हे प्रमाण कागदोपत्री सर्वमान्य आहे. जेथे एकीकडे तीन-चार खाटा सोपविलेल्या असतात, तेथे तिने औषधाच्या वेळा सांभाळाव्यात, यंत्रांच्या शिट्ट्यांकडे धावावे, कागद भरावेत, की प्रत्येक पट्टा उचलून पाहावा? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात शय्याव्रणाचा दोष बहुधा रोगाकडे नसून शुश्रूषेकडे जातो असे मत मांडले, आणि ते सर्वत्र सांगितले जाते. लगेच पुढे त्यांनी असा खुलासाही केला आहे की दोष नेहमीच परिचारिकेचा असतो असे नाही, व्यवस्था वाईट असली तर चांगली शुश्रूषा अशक्य होते. हा खुलासा मात्र १२ मेच्या समारंभांत फारसा कोणी ऐकवीत नाही. त्या दिवशी दिवे लावले जातात, गुलाब वाटले जातात. मे २०२२ मध्ये याच राज्यातील शासकीय परिचारिकांना, पदे बाह्यस्रोतांतून भरण्याच्या निर्णयाविरुद्ध संपावर जावे लागले होते, याचे स्मरण त्या गुलाबांबरोबर ठेवलेले बरे. खासगी रुग्णालयांची कथा याहून वेगळी नाही. कित्येक ठिकाणी अतिदक्षता विभागाचे दर वाचून छाती दडपते, पण त्या दरातला किती अंश खाटेशेजारी उभ्या राहणाऱ्या मुलीच्या पगारात जातो हे देयकात छापलेले नसते.

लोकप्रतिनिधींकडूनही याबाबत एक अनुभव येतो. व्हेंटिलेटर आला की फीत कापली जाते, छायाचित्र निघते. परिचारिकेची नेमणूक झाल्याबद्दल फीत कापल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

यंत्र आणि मनुष्यबळ यांखेरीज तिसरी गोष्ट आहे ती नोंदीची, आणि आमच्या मते खरी अडचण तेथेच आहे. रुग्णालये या जखमा लिहून ठेवण्यास भितात. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत असल्याचा निर्णय दिला, तेव्हापासून लिहिलेला प्रत्येक शब्द उद्या आपल्याविरुद्ध पुरावा होईल, ही धास्ती डॉक्टरांच्या मनात घर करून आहे. रोगी दगावल्यावर काचा फोडणारे जमावही आपण पाहिले आहेत. त्यांना आवर घालण्यासाठी महाराष्ट्रास २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. ही धास्ती निराधार नाही. पण तिचा परिणाम असा होतो की जखम झाली तरी कागदावर ‘त्वचा सुस्थितीत’ असे छापील वाक्य राहते, पुढच्या पाळीची परिचारिका ते वाचून निश्चिंत होते, आणि जखम वाढते. भीतीने लपविलेली नोंद शेवटी रोग्याच्या कातडीवरच लिहिली जाते. राष्ट्रीय मानांकन मंडळ, म्हणजे एनएबीएच, रुग्णालयात दाखल झाल्यानंतर होणाऱ्या दाबव्रणांचे प्रमाण मोजण्याची अपेक्षा करते. परंतु ते मानांकन घेणे ऐच्छिक आहे, आणि घेतलेल्यांचे आकडेही लोकांपुढे येत नाहीत.

म्हणून आमची सूचना मर्यादित आहे. सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील शासकीय आणि मोठ्या खासगी रुग्णालयांनी आपापल्या अतिदक्षता विभागात महिन्यातून एक दिवस ठरवावा, आणि त्या दिवशी प्रत्येक रोग्याचे प्रत्येक साधन उचलून त्याखालची कातडी पाहून मोजदाद करावी. कोणाच्या पाळीत झाले हे लिहू नये. कोणत्या साधनाने, कोठे, कितव्या दिवशी, एवढेच लिहावे. मिरज आणि सातारा येथील शासकीय महाविद्यालयांनी हे काम आपल्या विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे, त्यात त्यांचे शिक्षणही होईल. वर्षाअखेर दोन्ही जिल्ह्यांचे आकडे, रुग्णालयांची नावे न देता का होईना, प्रसिद्ध करावेत. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या स्थानिक शाखांनी पुढाकार घेतला तर हे उद्यापासून होण्यासारखे आहे. त्यासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजविण्याची गरज नाही. ज्या विभागात आकडे चढे दिसतील तेथे प्रथम परिचारिकांची संख्या मोजावी, मग परिचारिकांस दोष द्यावा. जिल्हा नियोजन समितीपुढे यापुढे जेव्हा नव्या यंत्रांची मागणी येईल, तेव्हा त्या यंत्राशेजारी प्रत्येक पाळीस कोण उभे राहणार आहे, हे सदस्यांनी विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत मंजुरी थांबवावी.

आणि भेटीच्या वेळेत काचेपलीकडून रोग्यास पाहून परतणाऱ्या नातेवाइकांनी डॉक्टरांस प्राणवायूचा आणि रक्तदाबाचा आकडा विचारतात तसेच, आवाज न चढविता, आणखी एक विचारावे: ‘मास्कखाली आज कोणी पाहिले काय?’ पहिल्या दिवशी हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. चौथ्या दिवशी तो विचारण्यापूर्वीच मास्क उचललेला असेल.